शटर उघडण्याआधीची दहा मिनिटं : ख्रिस्ती वाटेवर नव्यानं आलेल्यांसाठी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, दोन कारागीर आणि मी. मी पाळक नाही की उपदेशक नाही. तरी रविवारी उपासना संपून चहाचा कप हातात आला की मंडळीत नवीन आलेलं कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "मनाला शांती मिळते म्हणतात, पण करायचं काय नेमकं?" (आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्चमधली सगळी माणसं. बायकोचा विषय नाही. पहिल्या रविवारी हा घोळ बऱ्याच जणांचा होतो.) कुणी ख्रिस्ती घरातच जन्मलेलं असतं, पण नाताळ सोडून चर्चची पायरी चढलेलं नसतं. कुणी कुतूहलानं आलेलं असतं, कुणी मार खाऊन. सगळ्यांना मी जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधी. येशूनं शिष्यांना "मी आपली शांती तुम्हांला देतो" असं सांगितलं ते कधी, हे योहानाच्या शुभवर्तमानात (येशूची गोष्ट सांगणारी बायबलमधली जी चार पुस्तकं, त्यांतलं एक) नीट बघा. शेवटचं जेवण झालंय, त्याला धरून देणारा यहूदा उठून गेलाय, अटक त्याच रात्री होणार आहे. सगळं मार्गी लागल्यावर, कर्ज फिटल्यावर, पोरीचं लग्न झाल्यावर मिळणारी ही शांती असती तर त्या रात्री तिचं नावही निघालं नसतं. त्यामुळं "एवढं एक टेन्शन संपू दे, मग देवाकडं बघतो" असं म्हणत असाल तर तुम्ही चुकीच्या रांगेत उभे आहात. मी त्या रांगेत अकरा वर्षं होतो.

पहिलं काम : जागा आणि वेळ ठरवा

तास नको. दहा मिनिटं. तासाचा संकल्प करणारे आठव्या दिवशी गायब होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वेळ शक्यतो फोन हातात घेण्याआधीची. एकदा व्हॉट्सॅप उघडलं की पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा मेसेज, भावकीच्या ग्रुपवरची धुसफूस आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, हे सगळं तुमच्या आधी देवासमोर जाऊन बसतं. मी फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो, उशाशी नाही. इतकी साधी गोष्ट, पण पहिल्या महिन्यात दुसऱ्या कशाहीपेक्षा मला तिचाच उपयोग झाला.

जागा कुठलीही चालते, फक्त रोज तीच असू दे. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं असतील तर घरात शोधत बसू नका. आमच्यातला एक जण रंकाळ्यावर फिरायला जातो आणि ठरलेल्या बाकावर बसतो. एक बाई गंगावेशीत दूध आणायला जाताना वाटेतच प्रार्थना उरकतात, त्यांना चालता चालताच जमतं. मी शॉपमध्ये आठला जातो, कारागीर साडेआठला येतात. मधला अर्धा तास माझा. शटर अर्धं वर, मोटार बंद, तेलाचा आणि बिडाच्या चुऱ्याचा वास. देवळासारखं काही नाही तिथं, पण शांत असतं.

दुसरं : वाचायचं काय

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेतलं की माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो. उत्पत्ती झकास जातं, निर्गम अर्धं होतं आणि लेवीयमध्ये यज्ञांचे नियम लागले की पुस्तक कपाटात जातं. ६६ पुस्तकांचा हा ग्रंथ आहे, कादंबरी नाही. मार्कपासून सुरू करा. सगळ्यात लहान शुभवर्तमान, १६ अध्याय, रोज एक. सोबत स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र. स्तोत्रं १५० आहेत, म्हणजे पाच महिने पुरतील.

भाषेनं बिचकू नका. आपल्याकडं चालणाऱ्या भाषांतरात "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" असली वाक्यं येतात. भाराक्रांत म्हणजे ओझ्यानं वाकलेला, बाजार समितीत गुळाचे रवे पाठीवरून वाहणाऱ्या हमालासारखा. हा अर्थ कळला त्या दिवशी ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं, तोवर नुसतं पाठ होतं. पंडिता रमाबाईंनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल मूळ भाषांवरून उतरवलं, शेवटच्या आजारपणापर्यंत त्या त्यावर काम करत होत्या. १९२२ साली त्या गेल्या आणि ते छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. अडलेला शब्द विचारायला लाजू नये, एवढं त्यातून घ्या.

वाचताना एकच करा. जिथं मन अडकेल तिथं थांबा, अध्याय पुरा झाला नाही तरी चालेल.

तिसरं : काळजी नावानिशी सांगा

खरं काम इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक जण प्रार्थना करतात ती अशी : "देवा, सगळं नीट कर, सगळ्यांना सुखी ठेव." मीही करायचो. मनाला काही फरक पडायचा नाही, कारण रात्री दोन वाजता छातीवर बसलेलं जे असतं त्याचं नाव 'सगळं' नसतं. त्याचं नाव 'एक लाख ऐंशी हजार' असतं.

माझं होतं. एका पार्टीनं तेवढ्याचं काम उचललं आणि पेमेंट थांबवलं. आज देतो, सोमवारी देतो. बिडाचं कास्टिंग मी उधारीवर आणलं होतं, त्यामुळं तिकडूनही फोन. झोप गेली. पोरावर हात उगारला एकदा. त्या दिवसांत मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी मला फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढून दिला. कशाचीही चिंता करू नका, तर प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून, आपलं मागणं देवाला कळवा, असं येशूचा प्रेषित पौल तिथं लिहितो. बाई म्हणाल्या, "कळवा म्हटलंय ना, मग कळव की. पोस्टात अर्ज करतोस तेव्हा 'सगळं' लिहितोस का? रक्कम लिही." आणि हो, पौलानं हे पत्र कैदेतून लिहिलंय, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणून वही घ्या. साधी, शंभर पानी. तारीख टाका आणि त्या दिवशी जे खरोखर टोचतंय ते एकेका ओळीत लिहा. रक्कम, माणसाचं नाव, तारीख. "परवा साहेबांसमोर बोलायचंय, तोंड उघडत नाही." "आईचा रिपोर्ट गुरुवारी." "धाकट्याशी आठ महिने बोललो नाही." मग एकेक ओळ मोठ्यानं वाचा, निदान ओठ हलू द्यात, आणि देवाला सांगा की हे असं असं आहे. सजवायची गरज नाही.

आता प्रत्येक ओळीपुढं एक खूण. आज माझ्या हातानं यात काही होण्यासारखं असेल तर 'मी' लिहा आणि काय करायचं तेही लिहा : फोन करणे, बिल परत पाठवणे, माफी मागणे. नसेल तर 'तो', म्हणजे देव, असं लिहा. 'तो'च्या ओळींना त्या दिवसापुरतं हात लावायचा नाही. डोक्यात आल्याच तर "हे सकाळी दिलंय" एवढं म्हणायचं आणि पुढं जायचं. दिवसातून चाळीस वेळा म्हणावं लागेल. पहिल्या आठवड्यात मी तर मोजणंच सोडलं होतं.

ज्यांनी लेथवर काम केलंय त्यांना हे लगेच कळतं. फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरला की तो पहिल्या फेरीत कधीच सरळ फिरत नाही. डायल (फरक दाखवणारं घड्याळ) लावायची, चक हातानं फिरवायचा, काटा कुठं जास्त जातो ते बघायचं, समोरचा जॉ किंचित सैल, हा किंचित घट्ट. पुन्हा फिरवायचं. नवीन पोरगं वैतागून चारही जॉ आवळून टाकतं आणि मोटार चालू करतं, मग टूल तुटतं. मन असंच थोडं थोडं सेंटरला येतं, आणि उद्या दुसरा जॉब लावला की पहिल्यापासून.

त्या पेमेंटचं काय झालं? चार महिन्यांनी आलं, तेही तुकड्यातुकड्यांत. प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी चेक आला अशी साक्ष माझ्याकडं नाही. झोप मात्र तिसऱ्या आठवड्यात परत आली, पैसे यायच्या कितीतरी आधी.

पौलाच्या वाक्यात 'आभार' आहे ते विसरू नका. वहीत शेवटी एक ओळ आभाराची. मोठं काही नसलं तरी चालेल. माझ्या वहीत एका दिवशी नुसतं "गरम पाणी आलं" असं लिहिलेलं आहे.

चौथं : तक्रार चालते

नवीन माणसाला वाटतं, देवाशी गोड बोलावं लागतं. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "किती वेळ?" अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी हे शास्त्र जपलं त्यांनी ते स्तोत्र गाळून टाकलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला पंचगंगेचा पूर इथल्या माणसाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी ५५ च्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे बंद, नळाला पाणी नाही, चहूकडं मात्र पाणीच पाणी. आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला राहतो. सात पायऱ्या आहेत घराला. तिसऱ्या पायरीवर मी खडूनं रेघ मारली, अर्ध्या तासानं बॅटरी घेऊन गेलो तर रेघ दिसेना. सामान माळ्यावर चढवलं होतं. आई खाटेवर, पाय वर घेऊन बसलेली. म्हणाली, "वादळाचं वाच." मार्क, चौथा अध्याय. मी वाचलं, पण चिडून वाचलं. नाव बुडायला आलीय आणि हा येशू पाठीमागं उशीवर डोकं ठेवून झोपलाय! ती उशी फक्त मार्कनं लिहून ठेवलीय, बाकीच्यांनी नाही. शिष्य त्याला उठवून विचारतात की गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काही वाटतं की नाही? मी आईला म्हटलं, "माझं पण तेच म्हणणं आहे." आई म्हणाली, "मग त्याला म्हण की. मला काय सांगतोस?"

म्हटलं. बऱ्याच मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या काकींनी भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं म्हणून.

पाणी पाचव्या पायरीवर थांबलं. त्या रात्री कुंभार गल्लीत कित्येकांच्या घरात शिरलं, त्यांत आमच्याहून जास्त प्रार्थना करणारी माणसंही होती. त्यामुळं पाचव्या पायरीचा मी चमत्कार करत नाही. सांगायचं ते इतकंच, की ओरडून झाल्यावर मला बसल्या जागी डुलकी लागली.

पाचवं : दिवसभरातली लहान प्रार्थना

सकाळची दहा मिनिटं दुपारच्या दोनपर्यंत पुरत नाहीत. त्यासाठी एका श्वासाची प्रार्थना ठेवा. श्वास घेताना "प्रभू येशू", सोडताना "दया कर". पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत असली लहान प्रार्थना शतकानुशतकं चालत आलीय. दसरा चौकातला सिग्नल, केएमटी बसची वाट, सीपीआर या सरकारी दवाखान्यातली केसपेपरची रांग, कुकरची तिसरी शिट्टी. कुठलीही एक जागा पकडा. माझी ऑटो फीड लावल्यावरची : टूल आपोआप सरकतंय, नजर जॉबवर ठेवायची आहे, तोंड मोकळं आहे.

सहावं : रविवार

एकट्यानं फार दिवस जमत नाही. चर्चला जा.

कोल्हापुरात ही वाट नवी नाही. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरिअल चर्च शहरात आजही आहे. मराठी उपासना ऐकायची तर तिथं किंवा दुसऱ्या कुठल्याही मराठी मंडळीत जा. कॅथलिक परंपरेकडं ओढा असेल तर मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला जा, वेळ आधी फोन करून विचारा.

पहिल्यांदा जाताना धास्ती असते, म्हणून थोडं सांगून ठेवतो. मागच्या बाकावर बसा, पुढचे उठले की उठा, बसले की बसा. गीतांचं पुस्तक शेजारी मागा, नंबर सांगतात. काही चाली पाश्चात्त्य आहेत, काही अगदी भजनाच्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं. त्यामुळं वारकरी घरातून आलेल्यांना तिथं परकं वाटत नाही, पायसुद्धा ताल धरतात. अर्पणाची थैली फिरेल. पाहुण्यानं टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) असेल आणि तुमचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर जागेवर बसून राहा, कुणी वाईट मानत नाही. बाहेर आल्यावर "गाव कुठलं?" हा प्रश्न चारदा येईल. ते कोल्हापूर आहे, त्याला इलाज नाही.

उपदेश लांबला तर कंटाळा येईल. मलाही येतो.

एक अडचण खास आमच्याकडची. आमच्या शॉपला साप्ताहिक सुट्टी सोमवारी. रविवारी मशीन चालू. मी कारागिरांशी बोलून रविवारी दुपारी बाराला उघडायचं ठरवलं आणि ते तास शनिवारी भरून काढतो. तुम्ही नोकरीत असाल तर एवढं हातात नसतं. मग आठवड्यातल्या घरसभेत जा. बहुतेक मंडळ्यांत संध्याकाळी कुणाच्या तरी घरी होते. दहा-पंधरा माणसं, एक वचन, एकमेकांसाठी प्रार्थना आणि पोहे. खरं सांगायचं तर नवीन माणसाला मी आधी घरसभाच सुचवतो.

सातवं : ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो

इथवर सगळं करूनही आत काहीतरी खुपत राहिलं तर वही उघडा आणि कुठलं नाव तुम्ही लिहायचं टाळताय ते बघा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

माझा भाऊ गावाकडं असतो, कागलजवळ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सुरू झालं आणि वडिलांच्या तेराव्याच्या जेवणात (आमचं अर्धं घर अजून जुन्या रीतीत आहे) सगळ्यांसमोर फुटलं. दोन वर्षं अबोला. मी प्रार्थना करायचो, "देवा, त्याला सुबुद्धी दे." देव ऐकत असेलही, पण माझ्या छातीतला दगड हलायचा नाही.

मग एका सोमवारी मोटरसायकल काढली. सांगणार होतो बरंच. तो गोठ्यात होता, म्हशीला पेंड घालत होता. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "चा घेणार?" मी म्हटलं, "घेतो. आणि त्या दिवशी मी बोललो ते चुकलं." तो काही बोलला नाही. घमेल्यातली पेंड हातानं मोडत राहिला बराच वेळ. मग आत बघून म्हणाला, "दोन कप टाक गं." पाण्याची पाळी अजून मिटलेली नाही. तलाठ्याकडं हेलपाटे चालू आहेत, पण आता आम्ही दोघं एकाच गाडीवरून जातो.

समोरच्यानं दार उघडलं नाही तर? तुमच्याकडून होईल तितकं शांतीनं राहा, असं पौलच रोमकरांना लिहितो. 'तुमच्याकडून होईल तितकं', त्याच्या पुढचं तुमच्या वहीत 'तो'च्या रकान्यात. मारझोड करणाऱ्या माणसाकडं परत जा असा याचा अर्थ मुळीच नाही. तिथं आधी सुरक्षित जागी जा.

घरचेही याच सदरात येतात. तुम्ही नव्यानं या वाटेला लागला असाल आणि घरात अंबाबाईचा देव्हारा असेल तर पहिल्याच महिन्यात वाद घालत बसू नका. जोतिबाचा प्रसाद आला म्हणून ताट आपटणारा माणूस शांतीच्या गोष्टी सांगायला लागला तर घरचे हसतील आणि ते बरोबरच असतील. आईचे पाय दाबा, पाण्याचे हंडे भरा. विचारलं तर सांगा.

आठवं : शरीर आणि डॉक्टर

एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झाडाखाली पडला आणि मला मरण दे म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा दिला. तो जेवला, पुन्हा झोपला. मग दुसऱ्यांदा जेवण. बोलणं त्यानंतर.

तेव्हा झोप, जेवण आणि गोळ्या यांना अविश्वास समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ काहीच गोड लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जा आणि आमच्याकडंही या. टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना करतो म्हणून गोळ्या बंद करायला सांगणारा किंवा प्रार्थनेचे पैसे मागणारा कुणी भेटला तर चप्पल घाला आणि निघा.

कोरडे दिवस

येतील. वचन वाचाल आणि वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटेल. दहा मिनिटं तरी बसा. दोन-चार दिवस चुकले तर हिशेब भरून काढायला जाऊ नका, आजचाच अध्याय वाचा. वही फेकून देऊ नका. पाच-सहा महिन्यांनी जुनी पानं चाळाल तेव्हा 'तो' लिहिलेल्या कितीतरी ओळी कधी संपल्या ते तुम्हाला आठवणारही नाही. काही ओळी तशाच असतील. माझी एक आहे, सहा वर्षं झाली, दर महिन्याला नव्या पानावर उतरवून घेतो.

आज रात्री करायचं ते एवढंच : फोन स्वयंपाकघरात, वही आणि पेन उशाशी, मार्कच्या पहिल्या अध्यायात खूण. ४५ वचनं आहेत, मला सात मिनिटं लागतात. उरलेल्या तीनमध्ये एक ओळ लिहून होते. तोवर साडेआठ वाजतात, शटर वर जातं आणि कारागीर विचारतो, "मालक, आज कुठला जॉब लावायचा?"